खुलासा : मरियम कुराणात आहे

‘कुराणात येशूच्या आईचं नावही नाही’ हा मेसेज माउंट मेरीच्या जत्रेच्या दिवसांत फिरतो. तो साफ चुकीचा आहे. कुराणाच्या १९व्या सूरेचं (अध्यायाचं) नावच ‘मरियम’ आहे, आयती (वचनं) ९८. संपूर्ण कुराणात नावानिशी आलेली स्त्री ही एकटीच. पुरुषाच्या स्पर्शाशिवाय तिला मूल झालं, हे बायबल आणि कुराण दोन्हीकडे मान्य.

जन्माचा प्रसंग मात्र वेगळा. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात बेथलेहेम गाव, सोबत मरियमचा पती योसेफ, बाळ गव्हाणीत. कुराणात योसेफ नाहीच. कळा सुरू झाल्यावर मरियम एकटी खजुराच्या बुंध्याशी येते, ‘याआधीच मेले असते तर’ म्हणते. तेव्हा खालून आवाज येतो : दुःख करू नकोस, पायाशी झरा आहे, बुंधा हलव, ताजा खजूर पडेल.

खरा मतभेद मुलाबद्दल आहे. इ. स. ४३१च्या इफिससच्या ख्रिस्ती धर्मपरिषदेने मरियमला ‘देवमाता’ मानलं, कारण ख्रिस्ती श्रद्धेत येशू देवपुत्र. कुराणात ईसा (येशू) पैगंबर. ‘मरियमचा पुत्र’ ही त्याची ओळख.

पण ‘देवमाता’ म्हटलं तरी ख्रिस्ती त्रैक्यात, म्हणजे एकाच देवाच्या तीन व्यक्तींत, मरियम नाही : पिता, पुत्र, पवित्र आत्मा. कॅथलिक तिच्याकडे मध्यस्थीची विनंती करतात, बहुतेक प्रोटेस्टंट तेही करत नाहीत. मेसेज पुढे पाठवण्याआधी १९वी सूरा उघडून पाहा.