परिपत्रक निघालं म्हणजे काम झालं असं नाही

बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नसेल तर काय करायचं, हे वैद्यकशास्त्राला केव्हाचं माहीत आहे. गर्भाशयाला मसाज, गर्भाशय आकुंचन पावण्यासाठी ऑक्सिटोसिन, रक्तस्राव थांबवणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, सलाईन, रक्त कुठून येतंय याची तपासणी, आणि तरीही आटोक्यात येत नसेल तर लगेच वरिष्ठांना बोलावणं. तरी जगभर बायका याच कारणाने मरतात. उपाय हाताशी असताना झालेले हे मृत्यू मला कुठल्याही नव्या आजारापेक्षा जास्त अस्वस्थ करतात.

म्हणूनच ई-मोटिव्ह हा अभ्यास मी भेटेल त्याला सांगत असते. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली 78 रुग्णालयं त्यात होती, निष्कर्ष 2023 मध्ये आले. नवं औषध एकही नव्हतं. बाईखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावली, म्हणजे रक्त किती गेलं ते अंदाजाने ठरवायचं नाही, डोळ्यांनी वाचायचं. आणि वरचे सगळे उपाय एकामागून एक वाट बघत न करता एकदमच सुरू करायचे. नेहमीच्या पद्धतीत जास्तीचा रक्तस्राव निम्म्याच बायकांमध्ये लक्षात येत होता, इथे 93 टक्क्यांमध्ये आला. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, यांचं एकत्रित प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 1.6 वर आलं. औषधं तर दोन्हीकडे माहितीतलीच होती! फरक पडला तो सामान एका जागी ठेवल्याने, जागेवरच सराव करून घेतल्याने, प्रत्येक वॉर्डात कुणीतरी हे आपलं मानून पुढे नेल्याने आणि आकडे दर महिन्याला त्याच टीमला दाखवल्याने.

आपल्या व्यवस्थांमध्ये नेमक्या याच कामाला पैसे नसतात. संशोधनाला निधी मिळतो, औषध खरेदीला मिळतो. संशोधन आणि औषध यांपासून प्रत्यक्ष वॉर्डापर्यंतच्या मधल्या भागाला एक परिपत्रक आणि एक दिवसाचं प्रशिक्षण.

शस्त्रक्रियेच्या चेकलिस्टचं, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी टीमने थांबून एकमेकांशी बोलत तपासायच्या मुद्द्यांच्या यादीचं, काय झालं बघा. 2009 मध्ये आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आल्याचं दिसलं. पुढे कॅनडातल्या ओंटारिओत ती सरसकट लागू झाली, आणि 2014 च्या अहवालात मृत्यूंमध्ये म्हणावी तशी घट आढळली नाही. कारणांवर अजून वाद आहेत. माझं मत स्पष्ट आहे: वरून आदेश आला की कागदावर टिक लागते, पण ऑपरेशन थिएटरमध्ये कुणी थांबून एकमेकांशी बोलतंच असं नाही.

दुसरी बाजूही सांगायलाच हवी, नाहीतर ‘लवकर लागू करा’ एवढाच धोशा होईल. अकाली प्रसूतीआधी आईला स्टेरॉइड दिलं तर बाळाची फुप्फुसं सावरतात, हे 1972 पासून माहीत आहे. मात्र 2015 मध्ये सहा देशांत हा उपाय समाजपातळीवर पसरवला, तेव्हा एकूण नवजात मृत्यू उलट वाढले. इंजेक्शन मिळालेल्या बहुतेक बायकांची बाळं कमी वजनाची नव्हतीच, म्हणजे बहुधा अकाली जन्मलेलीही नव्हती. नंतर 2020 मध्ये, सोनोग्राफीने गर्भाचे आठवडे ठरवणाऱ्या आणि नवजात बाळांची बऱ्यापैकी सोय असलेल्या रुग्णालयांत तेच औषध दिलं, आणि मृत्यू कमी झाले. म्हणजे आठवडे मोजता येत नाहीत तिथे आधी ती सोय करा, मग इंजेक्शन द्या. असं म्हणणाऱ्याला ‘कामात खोडा घालणारा’ ठरवलं जातं, त्याचा मला मनापासून राग येतो.

एक मागणी माझी फार जुनी आहे. नवी सूचना काढणाऱ्यांनी ती पाळणाऱ्या नर्ससोबत एक रात्रपाळी काढावी. एका वेळी किती बाळंतपणं चालू असतात, औषधांच्या फ्रीजची किल्ली कुणाकडे असते, रजिस्टरं किती भरावी लागतात, हे बघून मगच मसुदा लिहावा. नवं रजिस्टर द्यायचं तर जुनं एक बंद करावं. आणि जे करू नये असं सिद्ध झालंय, तेही तितक्याच नेटाने थांबवावं. पहिलटकरीण आहे म्हणून बाळंतपणाच्या वेळी योनीमार्गाशी सरसकट छेद (एपिसिओटॉमी) घेऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. तरी तो घेतला जातो. आपल्या लेबर रूममध्ये हे प्रमाण किती आहे, हे तिथे काम करणाऱ्यांनी या महिन्यापासून मोजायला घ्यावं. त्यासाठी कुठल्याही परिपत्रकाची वाट बघावी लागत नाही.