हाकोनेचा रंधा आणि आजीचा हिंचका

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. जपान सहलीत हाकोनेला पाहिलेल्या लाकूडकामावर मी लिहिलं, त्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत. एक, ग्रुप टूरवाल्यांना दाखवतात ती कार्यशाळा म्हणजे गिऱ्हाईक दुकानात वळवायचा देखावा. दुसरा, बडोद्यात राहून ‘अशी कला आपल्याकडे उरलीच नाही’ असं लिहिणाऱ्या बाईला संखेडा, म्हणजे लाख चढवलेल्या लाकूडकामाचं ते जवळचं गाव, ठाऊक नाही का?

पहिला मला मान्य नाही. शेजारच्या खोलीत दुकान होतंच, आणि आमच्या टूर मॅनेजरने अर्ध्या तासात सगळ्यांना बसमध्ये बसवलं याचा मलाही राग आला. पण जे पाहिलं ते खोटं कसं म्हणू? हाकोनेच्या या लाकडी नक्षीकामाला योसेगी म्हणतात, आणि त्यात रंग लावत नाहीत. पांढरा, पिवळा, तपकिरी, काळपट, जो काही रंग असतो तो त्या त्या झाडाच्या लाकडाचा. त्याच्या बारीक पट्ट्या चिकटवून नक्षीचा ठोकळा करतात आणि त्यावर रंधा मारतात. आपला सुतार रंधा पुढे ढकलतो, तिथे तो स्वतःकडे ओढतात. साठी उलटलेले कारागीर होते. कमरेतून मागे झुकत त्यांनी एका दमात रंधा ओढला आणि अख्खी नक्षी कागदासारखी गुंडाळत बाहेर आली. मग साधी कपड्यांची इस्त्री फिरवून तो पापुद्रा सपाट केला. माझ्या हातावर ठेवला तेव्हा कोमट होता. हेच पापुद्रे डब्यांवर चिकटवतात. १९८४ साली जपान सरकारने या कामाला पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. पाहुण्यांसमोर रोज करावं लागत असेल, पण रंधा जरा अडखळला की नक्षी फाटणार. तिथे देखावा चालत नाही.

दुसरा आक्षेप मात्र मनाला लागला, कारण तो खरा आहे. ते वाक्य मी लिहायलाच नको होतं. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी आजीचा हिंचका, म्हणजे झोपाळा, संखेड्याचाच होता. त्याच्या दांड्यांवरची सोनेरी वेलबुट्टी मी नखाने खरवडायची, सोनं निघतं का बघायला. ते सोनं नव्हे, हे फार उशिरा कळलं. सागवानावर कथलाची रुपेरी नक्षी काढतात, अकीकाच्या दगडाने घोटतात, वर लाख चढवतात. लाखेच्या थरातून तीच रुपेरी नक्षी सोनेरी दिसते. घर विकलं तेव्हा हिंचकाही गेला. संखेडा इथून जेमतेम ५० किलोमीटर, आणि मी हाकोने गाठलं तरी संखेड्याच्या ओरसंग नदीचा काठ पाहिला नाही. लेखातलं ते वाक्य आज काढून टाकलं आहे.

तुमच्या ओळखीचे संखेड्याचे एक खरादी, म्हणजे हे लाकूडकाम करणारे कारागीर, अजून घरीच काम करतात, असं तुम्ही लिहिलंत. दिवाळीच्या गडबडीआधी त्यांना कधी सवड असेल, एवढं विचाराल का? मी सबंध दिवस काढून येईन.