विंडोज-लिनक्सची सामायिक ड्राइव्ह: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस बडोद्यात आमच्या नात्यागोत्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स असतील तर दोघांना एक ड्राइव्ह देऊ नका, लिनक्स ती बिघडवतं. लिनक्सला एनटीएफएसवर (विंडोजची ड्राइव्हवर फायली मांडायची पद्धत) नीट लिहिता येत नाही. द्यायचीच तर फॅट ३२ (तशीच एक जुनी पद्धत) करून द्या. उघडली नाही तर टर्मिनलमधून (कमांड टाइप करायच्या खिडकीतून) जबरदस्तीने उघडा. रावपुऱ्यातल्या माझ्या काकांनी तो वाचून डी ड्राइव्ह फॉरमॅटला घेतली होती. आजोबांच्या कीर्तनांची सगळी रेकॉर्डिंग तिच्यातच आहेत. म्हणून हे लिहितेय.

लिहिता येत नाही, हे फार जुनं झालं. एनटीएफएस-३जी हा ड्रायव्हर (लिनक्सला एनटीएफएस वाचता-लिहिता यावं म्हणून लागणारा प्रोग्राम) २००७ मध्येच स्थिर झाला, आणि २०२१ मध्ये लिनक्सच्या कर्नल (सिस्टिमचा गाभा) ५.१५ पासून तर पॅरागॉन कंपनीने दिलेला ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे.

आता बिघडवण्याचं. काकांनी विंडोज ‘शट डाउन’ केलं, उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) लावलं. ड्राइव्ह दिसली, फायली वाजल्या, पण नवी फाइल काही टाकता येईना. “गेली बघ ड्राइव्ह,” म्हणाले. ड्राइव्ह ठणठणीत होती. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउन अर्धंच असतं: विंडोज आपल्या कर्नलची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं आणि ड्राइव्हचा हिशेब उघडाच राहतो. दुकानदार वही उघडी टाकून जेवायला गेला आणि मागून कोणी तिच्यात नोंदी केल्या, तर परत येऊन तो आपल्या डोक्यातल्या आकड्यांवरूनच पुढे लिहिणार. घोळ होतो तो असा. हिशेब उघडा असल्याची खूण ड्राइव्हवर असते; लिनक्स ती पाहून हात आखडता घेतं, म्हणजे तुमचा डेटा सांभाळतं! कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्सला जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढा. घाईत असाल तर शट डाउनऐवजी ‘रीस्टार्ट’ करून लिनक्समध्ये जा. रीस्टार्टमध्ये विंडोज पूर्ण बंद होतं. काकांकडे खूण काढली आणि पुढच्या खेपेला फाइल मुकाट्याने उतरली.

जबरदस्तीचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. त्या कमांडने विंडोजने जपलेली अवस्था पुसली जाते. हायबरनेट करून (उघडं काम डिस्कवर जपून बंद करून) ठेवलं असेल तर सेव्ह न केलेलं काम गेलंच.

फॅट ३२ वर एक फाइल ४ जीबीच्या आतच हवी. आजोबांचं एकेक कीर्तन व्हिडिओवर सहा-सहा जीबी भरतं. शिवाय फॉरमॅट म्हणजे आधीचं सगळं साफ. एक्सफॅट या तिसऱ्या पद्धतीला ती मर्यादा नाही, पण त्यात जर्नल (बदलांची आगाऊ नोंद) नसतं. लिहिताना वीज गेली तर सावरणं अवघड. पेन ड्राइव्हला ते चालेल, आतल्या डिस्कला एनटीएफएसच ठेवा. आणि लिनक्समध्ये फाइलला नाव देताना विसर्गासारखे दोन टिंब घालू नका. ‘आख्यान: भाग २’ लिनक्सला चालतं, विंडोजमध्ये ती फाइल उघडत नाही.