अरण्यची घरं ‘अर्धवट’ नव्हती

सध्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. वर लालबाग पॅलेसचा फोटो, खाली काचेच्या कुठल्याशा इमारतीचा, आणि मधे चार मुद्दे. नवं डिझाइन हे परदेशी खूळ आहे, इंदूरशी त्याचा संबंध नाही. ‘अरण्य’ या इंदूरच्या वसाहतीत आर्किटेक्टनी गरिबांना अर्धवट घरं देऊन वाऱ्यावर सोडलं. नव्या इमारती आपल्या हवेला चालत नाहीत. आणि चौकांतली भंगाराची शिल्पं म्हणजे पैशाची नासाडी. शेवटी सल्ला: मुलांना या धंद्यात घालू नका.

असे मेसेज रोज येतात, मी एरवी वाचतही नाही. पण माझ्या भाचीला बारावीनंतर आर्किटेक्चरला जायचंय, आणि भावजींनी हाच मेसेज तिच्यापुढे धरला. पोरगी दोन वर्षं चित्रांच्या वह्या भरतेय, आणि तिचं भविष्य एका फॉरवर्डवर ठरणार? त्यांच्याशी फोनवर बोलून झालं. आता लिहून काढते, म्हणजे ज्याला हा मेसेज येईल त्याला हे उत्तर पाठवता येईल.

आधी तो फोटो. ‘शुद्ध आपली परंपरा’ म्हणून ज्या लालबागचा, म्हणजे होळकरांच्या महालाचा, दाखला दिलाय, त्याचं मोठं फाटक लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकाबरहुकूम घडवलेलं आहे. हे इंदूरच्या शाळकरी पोरांनाही सहलीत सांगतात. शहरातला होळकरांचा जुना राजवाडा बघा: खालचे तीन मजले दगडाचे, वरचे लाकडाचे, आणि घडणीत मराठा, मुघल, फ्रेंच सगळंच मिसळलेलं. होळकरांना जे आवडलं ते त्यांनी आणलं, वापरलं, आणि ते इंदूरचं झालं.

नव्या डिझाइनशी इंदूरचा संबंध नाही म्हणणाऱ्याने माणिकबाग या महालाचं नाव ऐकलेलं दिसत नाही. 1930 च्या आसपास तरुण यशवंतराव होळकरांनी एकार्ट म्युथेसियस या तितक्याच तरुण जर्मन आर्किटेक्टकडून तो बांधून घेतला. आयलीन ग्रे, रुलमान, ल कॉर्बुझिए अशा युरोपातल्या नावाजलेल्या डिझायनरांचं फर्निचर त्यात होतं. ब्रांकुसी या शिल्पकाराची पक्ष्याची शिल्पं महाराजांनी विकत घेतली, त्या शिल्पांसाठी इंदुरात ध्यानमंदिर बांधायचाही बेत होता. तो राहून गेला. त्यातले दोन संगमरवरी पक्षी आज ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. फर्निचर 1980 साली मोनॅकोला लिलावात गेलं. ज्या शहरातून हे सगळं बाहेर गेलं त्याच शहरात आपण म्हणतोय की आमचा याच्याशी काही संबंध नव्हता. याचं मला खरंच वाईट वाटतं.

हां, माणिकबाग एका राजाने स्वतःसाठी बांधला, ज्या काळात रयतेच्या घरात वीजही नव्हती. हा आक्षेप कुणी घेतला तर मी गप्प बसेन. पण मग गरिबांसाठी जे झालं त्याबद्दल तरी खरं बोला.

मला सगळ्यात जास्त राग आहे तो अरण्यच्या मुद्द्याचा. विजयनगरकडची ही वसाहत इंदूर विकास प्राधिकरणाने आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींच्या वास्तुशिल्प फाउंडेशनकडून 1980 च्या दशकात आखून घेतली. आखण्याआधी इंदूरच्या झोपडपट्ट्यांत फिरून, मोजमापं घेऊन नकाशे काढले गेले: लोक दारापुढच्या हातभर जागेत काय करतात, कपडे कुठे धुतात, दुकान कुठे मांडतात, दुपारी बाज कुठे टाकतात. त्यातून जे कळलं ते आराखड्यात आलं.

सगळ्यात लहान प्लॉट सुमारे 35 चौरस मीटरचा. त्यावर जोतं, संडास-न्हाणी, पाणी आणि ड्रेनेजची जोडणी, आणि जमलं तर एक खोली. बाकीचं घर माणसाने आपल्या पैशाने, आपल्या सवडीने वाढवायचं. यालाच मेसेजवाला ‘अर्धवट’ म्हणतो. अहो, भिंत गरीब माणूस स्वतः उभी करतो. वीट आज थोडी आणेल, पगार झाला की थोडी आणेल, गवंडी ओळखीतला असतो. पण गटाराची लाइन तो एकटा टाकू शकत नाही. जे त्याला जमत नाही ते सरकारने द्यायचं, जे जमतं ते त्याच्यावर सोपवायचं, असा तो विचार होता. मोठ्या रस्त्यांकडेचे मोठे प्लॉट नि दुकानांच्या जागा चढ्या भावाने विकून लहान प्लॉटांचा भार हलका केला गेला. नमुना म्हणून दोशींनी 80 घरं बांधून दाखवली, म्हणजे लोकांना कळावं की याच जोत्यावर काय काय उभं राहू शकतं.

मी तिथे गेले आहे. गल्लीत घराच्या बाहेरून चढणारा जिना, त्याच्या पोटात स्कूटर. ओट्यावर शिवणयंत्र मांडून एक बाई ब्लाउज शिवत होत्या, पाठीमागे त्यांचीच पाटी. वरचा मजला मागाहून चढवलेला, विटांचा रंग निराळा, खाली-वर वेगवेगळी कुटुंबं. बाहेरच्या जिन्यामुळे वरचा मजला भाड्याने देता येतो आणि कुणाला कुणाच्या स्वयंपाकघरातून जावं लागत नाही.

या कामाला 1995 मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. 2018 मध्ये दोशींना प्रित्झकर हा आर्किटेक्चरमधला सर्वोच्च मानला जाणारा पुरस्कार मिळाला, भारतीयाला पहिल्यांदाच, आणि त्या पुरस्काराच्या नोंदीत अरण्यची 6,500 च्या वर घरं आणि 80,000 च्या वर रहिवासी दिलेत. वाऱ्यावर सोडलेली वस्ती अशी भरत नाही.

एक गोष्ट कबूल करावी लागेल. पहिल्या गरीब मालकांपैकी बऱ्याच जणांनी प्लॉट विकले, मध्यमवर्गीय आले, नमुन्याची घरंही ओळखू न येण्याइतकी बदलली. पण जागेचा भाव वाढला की हे इंदूरच्या प्रत्येक वसाहतीत होतं. तो दोष नकाशाचा नाही.

हवेचा मुद्दा. काचेच्या दर्शनी भिंतींच्या इमारती मे महिन्यात भट्टी होतात, एसीशिवाय बसवत नाही, हे सोळा आणे खरं. पण ती नक्कल आहे, त्यात डिझाइनचा विचारच झालेला नाही. विचार केलेलं बघायचं तर अहमदाबादला दोशींचं स्वतःचं ऑफिस ‘संगाथ’ बघा. अर्धं जमिनीत उतरवलेलं, वर कमानदार छत, आणि छतावर चिनी मातीच्या फुटक्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी, जी ऊन परतवून लावते. इंदूरच्या उन्हाला हे न चालायला काय झालं?

भंगाराच्या शिल्पांवर फार लिहीत नाही. वाईट शिल्पं असतात, आपल्या चौकांतही आहेत. पण भंगार वापरलं म्हणून काम वाईट ठरत नाही. चंदीगडला नेकचंद नावाच्या रस्ते निरीक्षकाने फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि मोडक्या वॉशबेसिनांतून सरकारी जागेवर गुपचूप एक बाग रचली. उघडकीला आल्यावर ती पाडायचं घाटत होतं. 1976 मध्ये ती लोकांसाठी खुली झाली, नेकचंदला त्याच कामावर पगारी नेमलं गेलं, आणि आजही रॉक गार्डन बघायला लोक तिकीट काढून जातात.