‘रीपर’ हे आत्महत्येचं गाणं नाही

माझ्या भाच्याने परवा एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, “मामा, हे खरं आहे का? आई म्हणते, ते गाणं ऐकू नकोस.” मजकूर असा: ‘ब्ल्यू ऑयस्टर कल्ट’ या अमेरिकन हार्ड रॉक बँडचं 1976 सालचं ‘डोन्ट फिअर द रीपर’ हे एकत्र जीव देणाऱ्या प्रेमिकांचं गाणं आहे. त्यातला 40,000 हा आकडा रोजच्या आत्महत्यांचा आहे. रेडिओवर वाजावं म्हणून ते बँडच्या गळ्यात मारलं गेलं. आणि त्यातली काउबेल, म्हणजे काठीने वाजवायची गायीच्या गळ्यातल्यासारखी घंटा, गाण्याचा निर्माता ब्रूस डिकिन्सन याच्या हट्टाने आली.

चारही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि पहिली तर अन्यायाची आहे.

गाणं लिहिलं आणि गायलं ते बँडचा गिटारवादक डोनाल्ड रोझर, म्हणजेच बक धर्मा याने. तेव्हा तो तिशीही न गाठलेला तरुण होता. हृदयाच्या तक्रारीमुळे आपण लवकर जाऊ, ही धास्ती त्याच्या मनात बसली होती. आपण गेलो तर बायको पुन्हा कुठे भेटेल का, प्रेम मरणाच्या पलीकडे टिकतं का, या विचारातून शब्द आले. लोकांनी त्यात आत्महत्या वाचली याचं त्याला वाईट वाटलं, हे तो मुलाखतींत पुनःपुन्हा सांगत आला आहे. रीपर म्हणजे विळा घेऊन येणारा काळ. तो सगळ्यांकडेच येतो. त्याला घाबरू नकोस, एवढंच गाणं म्हणतं. त्याला आपणहून बोलावून आण, असं कुठेही म्हणत नाही.

संशय येतो तो रोमिओ-ज्युलिएटच्या उल्लेखामुळे, आणि तो येणं मी समजू शकतो. त्या दोघांनी जीव दिला हे कोणाला माहीत नाही? पण धर्माला ते हवे होते मरणानंतरही एकत्र असलेल्या जोडीचा दाखला म्हणून. शेवटचं कडवं नीट ऐका. तिची शेवटची रात्र आहे. दार उघडतं, वारा सुटतो, मेणबत्त्या विझतात, पडदे उडतात आणि तो येतो, घाबरू नकोस म्हणतो. मला तिथे आधीच गेलेला जोडीदार न्यायला आलेला दिसतो. कोणी विष घेत नाही, कोणी सुरा उचलत नाही.

आकड्याचं तर साधं गणित आहे. रोज 40,000 म्हणजे वर्षाला 1 कोटी 46 लाख. जागतिक आरोग्य संघटनेचा अलीकडचा अंदाज वर्षाला सात लाखांच्या वर आहे, म्हणजे दिवसाला दोन हजारांच्या आसपास. धर्माने 40,000 हा आकडा जगात रोज मरणाऱ्या सगळ्याच माणसांचा म्हणून अंदाजाने घातला होता. तो अंदाजही कमीच पडला. त्या काळी रोज लाखाहून जास्त माणसं मरत होती.

गळ्यात मारल्याची गोष्टही तशीच. ‘एजंट्स ऑफ फॉर्च्युन’ या अल्बमच्या आधी बँडमधल्यांच्या घरी टेप मशीनं आली होती आणि जो तो घरी बसून गाणी रचत होता. हे गाणंही धर्माच्या घरी, चार ट्रॅकच्या टेपवर जन्मलं. अमेरिकेत ते 12 व्या क्रमांकापर्यंत गेलं, पण म्हणून ते मागणीबरहुकूम बनवलेलं ठरत नाही.

काउबेलचा किस्सा 2000 साली ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात झालेल्या विनोदी प्रहसनातला आहे. त्यात काउबेल बडवणारा जीन फ्रेंकल नावाचा माणूस बँडमध्ये कधी नव्हताच. अल्बमचे निर्माते होते सँडी पर्लमन, मरे क्रुगमन आणि डेव्हिड लुकस. ब्रूस डिकिन्सन हे नाव आलं ते बँडच्या जुन्या गाण्यांच्या, पुढे निघालेल्या संकलनावरून. ‘आयर्न मेडन’ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा त्याच नावाचा गायक तो हा नव्हे. 2008 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात ज्याला आपल्यापैकी कित्येकांनी डोळ्यांनी पाहिलं, तो 1976 साली जेमतेम अठरा वर्षांचा होता. काउबेल गाण्यात आहे खरी, पण इतकी मागे की कान देऊन शोधावी लागते. ती नेमकी कोणी वाजवली यावर रेकॉर्डिंगच्या खोलीत असलेल्यांचंच एकमत नाही.

रेडिओने या गाण्याचं काही केलं असेल, तर ते कापलं. अल्बमवर ते पाच मिनिटांहून थोडं मोठं आहे. सिंगलमधून, म्हणजे सुट्या काढलेल्या छोट्या आवृत्तीतून, मधला गिटारचा तुकडा गेला: सगळं थांबतं, गिटार एकटीच हळूहळू चढत जाते, वादळ उठतं आणि मग ओसरून पुन्हा तीच ओळखीची सुरावट येते. तो तुकडा रोमिओ-ज्युलिएट आणि शेवटची रात्र यांच्या मधोमध आहे. तो काढला की दोन कडवी एकमेकांना चिकटतात आणि एकाच जोडप्याची गोष्ट वाटू लागतात. गैरसमज वाढायला हेही कारण असावं, असं मला वाटतं.

भाच्याला मी लांब आवृत्तीच पाठवली आहे, आणि ताईलाही.