फिट येणाऱ्या पोराला ‘लक्षाची गोळी’: मेसेज काय म्हणतो आणि खरं काय

अमळनेर-चोपड्याकडच्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: फिट येणाऱ्या मुलाला एडीएचडीची (लक्ष न लागणं, अति चंचलपणा) मिथाइलफेनिडेट गोळी दिली की फिट वाढतात, ते अमली औषध आहे, पोरगं नुसतं मस्तीखोर असतं, आपोआप शांत होतं, तेव्हा सगळ्या गोळ्या आजच बंद करा. माझं औषधांचं दुकान आहे. ‘भाऊ, पोऱ्याले ती गोयी देऊ का नको?’ असं विचारत लोक मोबाइल पुढे करतात. द्यायची की नाही, हे डॉक्टर सांगतील. मेसेजबद्दल मात्र मी बोलू शकतो.

फिट वाढतात म्हणे. ही भीती हवेतून आलेली नाही. गोळीच्या माहितीपत्रकातच बरीच वर्षं तसा इशारा छापून येतो. पण ज्यांच्या फिट औषधाने आटोक्यात आहेत, त्या मुलांच्या अभ्यासांत तशी वाढ दिसली नाही. स्वीडनमधल्या राष्ट्रीय नोंदींवरून २०१९ साली एक अभ्यास झाला. त्यात अपस्मार (फिटचा आजार) असलेल्या प्रत्येक व्यक्तीचा एडीएचडीचं औषध चालू असतानाचा काळ तिच्याच औषध नसतानाच्या काळाशी ताडून पाहिला. औषधाच्या काळात झटके कमीच होते. अर्थात मोठ्या चाचण्या थोड्या आहेत, आणि फिट वरचेवर येत असतील तर पुरावा आणखी तोकडा. तिथे डॉक्टर आधी फिटचंच औषध बसवतात.

‘अमली औषध’ हे अर्धं खरं. मिथाइलफेनिडेट एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहे, शिवाय औषध नियमांतल्या शेड्यूल एक्स या कडक यादीतही. म्हणून चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक आम्ही दोन वर्षं जपून ठेवतो, आणि वेगळा परवाना नसलेल्या दुकानात ही गोळी मिळत नाही. तालुक्याच्या माणसाला त्यासाठी जळगाव-धुळ्याची एसटी धरावी लागते, मग संशय येणारच! पण फिटसाठी वर्षानुवर्षं दिलं जाणारं फिनोबार्बिटोनही त्याच एनडीपीएस यादीत आहे. त्याच्याबद्दल कुणी मेसेज पाठवत नाही.

आणि गंमत म्हणजे हेच फिनोबार्बिटोन काही मुलांना चंचल, चिडचिडं करतं. त्यामुळे ‘नुसता मस्तीखोर’ म्हणण्याआधी, हे औषध सुरू झाल्यावर वागणं बदललं का, ते डॉक्टरांना सांगावं. वर्गात काही सेकंद टक लावून बसणारं पोर लक्ष देत नाही असं गुरुजींना वाटतं. तो अ‍ॅबसन्स प्रकारचा झटकाही असू शकतो, आणि तो ईईजीत, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या तपासणीत, सापडतो. ही दोन्ही कारणं नसली तरी एडीएचडी असू शकतो; अपस्मार असलेल्या दहांतल्या साधारण तीन मुलांत तो आढळतो. अनेकांचा तो मोठेपणीही जात नाही.

मेसेजमध्ये नसलेली खरी काळजी वेगळीच आहे. ही गोळी भूक मारते, आणि दुपारनंतर घेतली तर झोप उडवते. अपुऱ्या झोपेने फिट येऊ शकते, म्हणून ती डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळीच द्यायची, उशिरा नाही. वजन, उंची, नाडी, रक्तदाब अधूनमधून तपासायचं. फेनिटॉइन हे फिटचं औषध चालू असेल तर या गोळीने रक्तातलं त्याचं प्रमाण वाढू शकतं, तेही डॉक्टरांच्या कानावर घालायचं.

मेसेजची शेवटची ओळ सगळ्यांत घातक. फिटच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर झटके लागोपाठ येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. त्या डॉक्टरच हळूहळू कमी करतात. कुणी त्या तोडल्याच असतील, तर आजच डॉक्टरांना कळवा. आणि झटका आला की तोंडात काही न घालता पोराला कुशीवर करा, पाच मिनिटांत तो थांबला नाही, तर १०८ लावा.