चोराला पुरेसा वेळ द्यावा

खात्यातून पैसे गेल्याचा संदेश मोबाइलवर आला, की सर्वप्रथम शांतपणे चहा टाकावा. जो पाहुणा केवायसी अद्ययावत करून देण्याच्या निमित्ताने आपल्या फोनमध्ये येऊन गेला, त्याला सुखरूप घरी पोहोचण्याइतकी सवड देणे हे यजमानाचे कर्तव्यच आहे. काही उतावळे लोक लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक फिरवतात. त्यामुळे तक्रार थेट संबंधित बँकांकडे जाते, रक्कम ज्या खात्यात उतरली तिथेच ती गोठवली जाण्याची शक्यता निर्माण होते आणि चोराची फार कुचंबणा होते. त्या बिचाऱ्याला ती रक्कम आधी एका भाड्याच्या खात्यात, तिथून तुकडे करून आणखी दहा-बारा खात्यांत आणि शेवटी एटीएममधून रोखीत किंवा आभासी चलनात न्यायची असते. हे सारे काही तासांत उरकायचे, म्हणजे थट्टा नव्हे.

बँकेला कळवायचेच असेल, तर ग्राहक सेवेचा क्रमांक कार्डाच्या मागे न पाहता इंटरनेटवर शोधावा आणि पहिला दिसेल तो लावावा. तो बहुधा त्याच टोळीचा असल्याने तक्रार योग्य ठिकाणी पोहोचते. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा व्यवहाराची माहिती तीन कामकाजाच्या दिवसांत दिल्यास ग्राहकावर तोशीस नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकात म्हटले होते. त्यामुळे चौथा दिवस उजाडण्याची वाट पाहणे श्रेयस्कर. ओटीपी आपणच सांगितला असेल, तर प्रश्नच मिटला.

मधल्या काळात फोन स्वच्छ करावा. माझ्या परिचयातील एक निवृत्त मुख्याध्यापक दोन दिवस व्हिडिओ कॉलवरच्या पोलिसांच्या ‘डिजिटल अटकेत’ होते. कायद्यात असा प्रकारच नाही, ही क्षुल्लक बाब सोडल्यास अटक अगदी रीतसर झाली. इस्त्रीचा सदरा घालून ते कॅमेऱ्यासमोर ताठ बसून राहिले आणि आंघोळीला जातानासुद्धा पडद्यावरच्या गणवेशाकडे त्यांनी हात वर करून परवानगी मागितली. सुटका झाल्यावर मुलाला कळू नये म्हणून त्यांनी सर्व संदेश, क्रमांक आणि पावत्या पुसून टाकल्या. तपासाचा एवढा भार एकट्याने हलका करणारा नागरिक विरळाच.

आता पोलिसांसाठी दोन शब्द. तक्रारदार आला, की ‘ओटीपी तुम्हीच दिला ना?’ या प्रश्नाने आरोपी निश्चित करून घ्यावा. त्यानंतर हद्दीचा मुद्दा काढावा. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला, तरी माहिती नोंदवून घ्यावी, असे नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते खरे. पण चोर झारखंडात, खाते आसामात आणि तक्रारदार कोथरुडात असताना कलमाने तरी कोणाकोणाकडे पाहावे? माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास किमान निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो आणि निरीक्षकसाहेब बंदोबस्तावर असतात, हे तक्रारदाराला प्रेमाने समजावावे.

जप्त केलेला संगणक मात्र लगेच चालू करून आत काय आहे ते पाहावे. जप्तीच्या वेळीच हॅश मूल्य, म्हणजे आतील माहितीचा गणिती ठसा, काढून ठेवले, तर पुढे त्यातील एक अक्षर बदलले तरी ते उघड होते. अशी चहाडखोर नोंद मुळातच न ठेवलेली बरी. इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून देताना तिच्या खरेपणाचे प्रमाणपत्र सोबत लागते, हे जालन्याच्या निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आणि नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने त्यात तज्ज्ञाच्या सहीची भर घातली. तरीही ते आठवावे शेवटच्या तारखेला, बचाव पक्षाचे वकील हसू लागल्यावर.

प्रतिबंधासाठी बँकांनी सुट्ट्या पाळाव्यात. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ रोजी, म्हणजे दुसऱ्या शनिवारी, हल्ला झाला आणि तब्बल २८ देशांतील एटीएममधून नोटा निघाल्या. पैसे देण्यास होकार देणारी यंत्रणाच तोतया होती. सोमवारी आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला रवाना होऊन एकूण आकडा ९४ कोटींच्या घरात गेला. चोर सुट्टीच्या दिवशीही राबतात, हा त्यांचा दोष. आपण का राबावे? आपण फार तर जागरूकता सप्ताह साजरा करावा आणि सायबर सुरक्षेच्या शपथेचे प्रमाणपत्र देताना प्रत्येकाकडून नाव, जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांक भरून घ्यावा.

मुख्याध्यापकांना परवा पुन्हा फोन आला. गेलेली रक्कम सापडली असून केवळ पाच टक्के प्रक्रिया शुल्क भरल्यास ती परत मिळेल, असे पलीकडचा साहेब अतिशय नम्रपणे सांगत होता. सर खाते क्रमांक टिपून घेण्यासाठी चष्मा शोधत होते.